परतीची वाट आधी, अपडेट नंतर

सीएनसी मशीनच्या मागच्या पॅनेलमध्ये, एसएमपीएस आणि एमसीबीच्या शेजारी, हल्ली एक लहानसा डबा डिन रेलवर बसलेला दिसतो. कुणी त्याला गेटवे म्हणतं, कुणी आयओटी बॉक्स. मेंटेनन्सची मंडळी नुसतं ‘तो अँटेनावाला’ म्हणून मोकळी होतात. पीएलसीकडून दर सेकंदाला आकडे घ्यायचे, कामाचे तेवढे ठेवायचे, स्पिंडलचं कंपन हद्दीबाहेर गेलं तर तिथल्या तिथे इशारा द्यायचा आणि बाकीचा गोषवारा क्लाउडला पाठवायचा, हे त्याचं काम. इंटरनेट गेलं तरी ते अडत नाही. हिशेब मशीनपाशी, म्हणजे ‘एज’वर, आणला तो त्यासाठीच.

हा डबा म्हणजे सबंध संगणक असतो आणि बसवल्या दिवसापासून बहुधा त्याला कुणी हात लावलेला नसतो. ऑफिसातला लॅपटॉप दर महिन्याला अपडेट मागतो, मोबाइल रात्रीत स्वतःच करून घेतो. डबा काही मागत नाही, म्हणून कुणी देत नाही. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, उत्तर साधारण एकच मिळतं: ‘चालतंय ना साहेब, मग कशाला छेडायचं?’

मला हे उत्तर आळशीपणाचं वाटत नाही. ते देणाऱ्याने कधीतरी अपडेटनंतर बंद पडलेलं यंत्र पाहिलेलं असतं आणि त्या शिफ्टचं बुडालेलं उत्पादन त्याला कुणी भरून दिलेलं नसतं. पण अपडेट टाळून ही भीती जात नाही, नुसती साठत जाते. नवं सॉफ्टवेअर बिघडलं तर काही मिनिटांत, कुणी पॅनेल न उघडता, जुन्यावर परत येता येतं का, एवढ्या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. उत्तर ‘हो’ असेल तर दर महिन्याचं अपडेट हे किरकोळ काम होतं. ‘नाही’ असेल तर माणूस तीन-चार वर्षं टाळतो आणि मग कुणीतरी मागे लागलं म्हणून चार वर्षांचे बदल एकाच रात्रीत करायला जातो.

‘आमच्या डब्यात चोरण्यासारखं आहे काय?’ हाही प्रश्न हमखास येतो. चोराला बहुतेक वेळा तुमचे आकडे नको असतात, डबाच हवा असतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या साठेक जोड्या आजमावून घरोघरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळत राहिल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. कारखान्यात धोका आणखी एक पायरी पुढे जातो, कारण गेटवेच्या एका बाजूला इंटरनेट आणि दुसऱ्या बाजूला पीएलसी असतो. मूळच्या मॉडबस प्रोटोकॉलमध्ये पासवर्ड हा प्रकारच नाही. जो जोडला गेला त्याचं ऐकायचं, एवढंच त्याला ठाऊक.

आधी मोजदाद

‘अपडेट’ हा शब्द एकवचनी असला तरी डब्यात निदान पाच थर असतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. सगळ्यात खाली बूटलोडर आणि बोर्डाचं फर्मवेअर. त्यावर लिनक्स, म्हणजे कर्नल आणि डेबियन किंवा उबुंटूची पॅकेजेस. त्यावर एजचं रनटाइम: ॲमेझॉनचं ग्रीनग्रास, मायक्रोसॉफ्टचं आयओटी एज किंवा साधं डॉकर. त्यावर तुमच्या इंटिग्रेटरने लिहिलेलं ॲप्लिकेशन आणि कंपन ओळखणारं मॉडेल असेल तर तेही. आणि या साऱ्यांतून आडवी जाणारी सेटिंग्ज, सर्टिफिकेटं, पासवर्ड. ४जी मॉडेमला स्वतःचं वेगळं फर्मवेअर असतं. ते बहुतेक याद्यांतून सुटतं.

एका वेळी एकच थर हलवा. कर्नल आणि ॲप्लिकेशन एकाच रात्री बदललं आणि सकाळी आकडे येईनासे झाले, तर दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो आणि दोन पुरवठादार एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. पीएलसीचं फर्मवेअर तर गेटवेच्या अपडेटच्या दिवशी मुळीच छेडू नये. तो मशीन बनवणाऱ्याचा प्रांत आहे आणि त्याची वॉरंटी त्यात अडकलेली असते.

यादीसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरतं. एका डब्याची एक ओळ: कुठल्या मशीनवर आहे, बोर्डाचं मॉडेल आणि हार्डवेअर रिव्हिजन, प्रत्येक थराची आवृत्ती, सिमचा नंबर, सर्टिफिकेट कधी संपतं, शेवटचं अपडेट कधी झालं आणि कुणी केलं. आणखी एक रकाना मी आवर्जून ठेवायला सांगतो: पॅनेलची किल्ली कुणाकडे असते. रात्री साडेअकराला डबा अडकल्यावर या रकान्याची किंमत कळते. डब्याचा ओळखक्रमांक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, म्हणजे फोनवरून मदत करणारा आणि समोर उभा असलेला फिटर एकाच डब्याबद्दल बोलत आहेत याची खात्री राहते.

ही मोजदाद कोरडी वाटते, पण डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली भयंकर त्रुटी उघड झाली तेव्हा जगभरच्या कंपन्यांसमोर पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता. ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे, हेच कुणाला सांगता येईना. ती दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेली होती. म्हणून पुरवठादाराकडे त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी मागावी. तिला एसबॉम म्हणतात आणि ती मागितल्यावर समोरचा किती गोंधळतो, यावरून त्याच्याविषयी बरंच काही समजतं.

परत कसं यायचं

आता मुख्य मुद्दा. सगळ्यात भरवशाची रचना म्हणजे ए-बी. स्टोरेजमध्ये सिस्टिमसाठी दोन सारखे भाग करायचे. ‘ए’वरून डबा चालू असतो, नवी आवृत्ती निवांतपणे ‘बी’वर उतरवली जाते, तिची सही तपासली जाते आणि मग एकदाच रीस्टार्ट करून ‘बी’वरून उठायचं. उठल्यावर सगळं ठीक असेल तर ‘बी’ पक्का होतो. नसेल तर बूटलोडर ठरावीक प्रयत्नांनंतर आपणहून ‘ए’कडे वळतो. अँड्रॉइडने २०१६च्या नुगा आवृत्तीपासून हीच पद्धत आणली. लिनक्सच्या डब्यांसाठी रॉक, एसडब्ल्यूअपडेट आणि मेंडर ही तिन्ही साधनं मुक्तस्रोत आहेत आणि यू-बूट या बूटलोडरमध्ये अयशस्वी प्रयत्न मोजायची सोय तयार मिळते. जोडीला हार्डवेअर वॉचडॉग हवा: सॉफ्टवेअर गोठलं आणि त्याने ठरावीक वेळात खूण दिली नाही, तर डबा स्वतःच रीसेट होतो. तो वॉचडॉग ॲप्लिकेशनच्या प्रकृतीशी बांधलेला आहे ना, हे विचारून घ्या. नुसतं कर्नल जिवंत आहे म्हणून खूण देत राहणारा वॉचडॉग काही कामाचा नाही.

‘आमच्याकडे रोलबॅक आहे’ असं प्रत्येक विक्रेता सांगतो. त्याला दोन गोष्टी करून दाखवायला सांगा. पहिली, मुद्दाम बिघडवलेलं अपडेट पाठव आणि डबा कसा परततो ते दाखव. दुसरी, अपडेट अर्ध्यावर असताना मी एमसीबी पाडतो; मग पुढे काय होतं ते आपण दोघे मिळून पाहू. दुसऱ्या परीक्षेत बरेच डबे गळतात. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली की स्वस्तातलं एसडी कार्ड फाइल सिस्टिमसकट जातं. कारखान्यातल्या डब्यासाठी बोर्डावरच बसवलेलं ईएमएमसी स्टोरेज आणि रेलवर बसणारा २४ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस या दोन गोष्टींवर केलेला खर्च वाया जात नाही.

आधीच बसवलेल्या जुन्या डब्यात ए-बी नसेल तर ती सोय मागाहून दुरून करता येत नाही. भाग नव्याने पाडावे लागतात. अशा डब्यासाठी साधा उपाय करा. चालू कार्डाची हुबेहूब प्रत काढून, किंवा तयार केलेला एक जादा डबाच, कपाटात स्टेपनीसारखा ठेवा आणि माणूस जागेवर हजर असेल तेव्हाच अपडेट करा. अशा डब्याला दुरून अपडेट पाठवायचं धाडस करू नये, कितीही छोटं असलं तरी.

रोलबॅकमध्ये एक गोष्ट नेहमी विसरली जाते, ती म्हणजे डेटा. नव्या आवृत्तीने डब्यातल्या छोट्या डेटाबेसच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. मग काहीतरी बिनसलं आणि सिस्टिम जुन्या आवृत्तीवर परतली. जुन्या आवृत्तीला तो बदललेला तक्ता वाचता येत नाही. सॉफ्टवेअर परत आलं, पण काम बंद. म्हणून डेटा तिसऱ्या, वेगळ्या भागात ठेवावा आणि अपडेटच्या आधी त्याची प्रत घ्यावी. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला बजावून सांगावं की नवी आवृत्ती एक पायरी मागच्या आवृत्तीला समजेल अशाच रीतीने डेटा ठेवेल. हे करारात लिहून घेतलं तर उत्तम.

घड्याळ

दुरून हात न लागणाऱ्या डब्यांच्या तक्रारींत निम्म्या तक्रारी घड्याळापाशी येऊन थांबतात, असा माझा समज आहे आणि तो सोडायला मी तयार नाही. रास्पबेरी पायच्या ५व्या पिढीच्या आधीच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतंच; ५व्यात आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. औद्योगिक डब्यांत घड्याळ असतं, फक्त त्याचा नाण्याएवढा सेल कधीच संपलेला असतो. लांबलचक वीजकपातीनंतर डबा उठतो आणि त्याला तारीख भलतीच, कधी थेट १९७० ची वाटते. मग क्लाउडचं सर्टिफिकेट ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरवून तो जोडणी नाकारतो. जोडणी नाही, म्हणून अपडेट नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सिम गेलं.

त्यामुळे डबा उठल्यावर पहिलं काम वेळ जुळवण्याचं. त्यासाठी लागणारा यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट बहुतेक कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये बंद सापडतो. आयटीवाल्यांशी बोलून तो बाहेरच्या दिशेने उघडून घ्या. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत, लॉग १८० दिवस राखायचे आहेत आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. गेटवेला हे लागू नाही असं समजू नका.

सर्टिफिकेटांचंही तसंच. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं. नव्या यंत्रांना काही जाणवलं नाही. वर्षानुवर्षं अपडेट न झालेली उपकरणं मात्र त्या दिवशी ठणठणीत असूनही सर्व्हरला ओळखेनाशी झाली. त्यांना नवं मूळ सर्टिफिकेट पाठवायचं, तर ते ज्या वाटेने पाठवायचं ती वाटच बंद झालेली. डब्याच्या यादीत सर्टिफिकेट संपण्याची तारीख लिहायला सांगितली ती यासाठी. निदान तीन महिने आधी नूतनीकरण झालेलं असावं.

सगळ्यांना एकदम कधीच नाही

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर एकाच लाटेत गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यंत्रं दुरून सुधारता येईनात. कित्येक ठिकाणी माणसाने एकेकापाशी जाऊन ती फाइल पुसली. त्यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली.

२०१७ च्या ऑगस्टमधलं लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीचं उदाहरण छोटं आहे, पण आपल्या कामाशी जास्त जवळचं. तिने दाराच्या स्मार्ट कुलपांच्या एका मॉडेलला दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर पाठवलं. सुमारे पाचशे कुलपं इंटरनेटपासून तुटली. आणि तुटली म्हणजे दुरुस्तीही पाठवता येईना. ग्राहकांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला किंवा बदली कुलपाची वाट पाहावी लागली. अपडेटच्या पाकिटावर ‘हे कुठल्या हार्डवेअरसाठी’ हे लिहिलेलं असावं आणि ते डब्याने स्वतः तपासून, जुळत नसेल तर नाकारावं. पाठवणाऱ्याच्या सावधपणावर हे सोडू नये.

टप्पे असे ठेवा. पहिला डबा ऑफिसातल्या टेबलावरचा: शॉप फ्लोअरवर आहे तोच बोर्ड, तोच मॉडेम, जमल्यास तसाच पीएलसी. दुसरा टप्पा खऱ्या मशीनवरचा एक, जिथे डेटा दिवसभर आला नाही तरी डिस्पॅच अडणार नाही. मग चार-पाच. मग उरलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या, कारण तिन्ही शिफ्टचा ताण, एखादा वीजखंड आणि आठवड्याचा अहवाल हे सगळं त्यातून जायला हवं. पुरवठादार म्हणेल की एवढा वेळ लागत नाही. लागतो.

वेळेची निवड स्थानिक असते. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून अपडेटही गुरुवारी उरकावं असं वाटतं. पण महावितरणची देखभालीची कामंही त्या भागात गुरुवारीच निघतात. दुपारी वीज गेली तर अपडेट अर्ध्यावर आणि मदतीला माणूसही नाही. त्यापेक्षा कामाच्या दिवशी सकाळची पहिली शिफ्ट स्थिरावल्यावरची वेळ मला बरी वाटते: मेंटेनन्सचा माणूस हजर, पुरवठादाराचा फोन लागतो आणि बिघाड झालाच तर संध्याकाळपर्यंत हातात वेळ असतो. महिनाअखेरचे दिवस आणि दसरा-दिवाळीच्या आधीची डिस्पॅचची धांदल वगळा. खंडेनवमीला मशीनची पूजा करावी, अपडेट करू नये.

डाउनलोड आणि बदल ही दोन कामं वेगळी करा. ६०० एमबीची कंटेनर इमेज पत्र्याच्या शेडमधल्या, बंद पॅनेलमधल्या अँटेनावर २ एमबीपीएसच्या वेगाने उतरवायला ४० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जोडणी चारदा तुटू शकते. रात्रभर हळूहळू उतरू द्या, तुटलं तिथून पुढे चालू राहील असं साधन वापरा. सकाळी फक्त बदलाची आज्ञा द्या. डिस्कवर जागा आहे का हे उतरवण्याआधी तपासायला लावा, कारण डॉकरच्या जुन्या इमेजेस आणि न कापलेले लॉग मिळून ८ जीबी गुपचूप भरतात.

रनटाइमचे खाचखळगे

ग्रीनग्रास वापरत असाल तर त्याच्या गाभ्याला, न्यूक्लियसला, डिप्लॉयमेंटमध्ये आवृत्तीसह स्पष्ट नोंदवा. तसं न केल्यास दुसरा एखादा घटक पाठवताना किंवा गटात नवा डबा जोडताना न्यूक्लियसची नवी पॅच आवृत्तीही सोबत येऊ शकते, आणि ती आली की डब्यावरचं ग्रीनग्रास रीस्टार्ट होतं. हे रीस्टार्ट पार पडायला ते सिस्टिम सर्व्हिस म्हणून बसवलेलं असावं लागतं. टर्मिनलवरून हाताने चालू करून सोडून दिलेले महाभागही मी पाहिले आहेत. अपयश आलं तर ‘मागे फिर’ की ‘तसंच ठेव’ हा पर्याय डिप्लॉयमेंटमध्येच निवडता येतो, पहिला निवडा. तुमच्या घटकाला अपडेटची आगाऊ सूचना मिळू शकते आणि ‘आत्ता नको’ म्हणून तो ती पुढेही ढकलू शकतो. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर हे फार मोलाचं आहे: सायकल चालू असताना नोंद तुटली तर त्या अख्ख्या चार्जचा दाखला ग्राहकाला देता येत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त डबे अयशस्वी ठरले की उरलेल्यांना पाठवणं आपोआप थांबेल, ही मर्यादाही तिथेच घालता येते.

ग्रीनग्रासची पहिली पिढी अजून चालवणाऱ्यांसाठी: दुसरी पिढी डिसेंबर २०२० मध्ये आली आणि ३० जून २०२३ पासून पहिलीला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. पहिलीवरून दुसरीवर जाणं हे अपडेटमध्ये मोडत नाही. रचनाच वेगळी आहे, ॲप्लिकेशन पुन्हा बांधावं लागतं. त्याला प्रकल्प म्हणून वेगळा वेळ आणि पैसा काढा.

आयओटी एजमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटेने अपडेट होतात आणि तिथे लोक फसतात. डब्यावरची सर्व्हिस लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरने बदलते, तर एज एजंट आणि एज हब हे कंटेनर क्लाउडमधल्या डिप्लॉयमेंटमधून. एक बदलून दुसरं जुनंच राहिलं असं सर्रास दिसतं. कंटेनरच्या टॅगमध्ये नुसतं १.५ लिहिलं तर त्या मालिकेतली नवी इमेज कधीतरी आत येते. शेवटचा आकडाही लिहिला तर तुम्ही बदलेपर्यंत तीच राहते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. साध्या डॉकरवाल्यांनी तर ‘लेटेस्ट’ हा टॅग उत्पादनातल्या डब्यावर कधीही वापरू नये, कारण दोन डब्यांवरचं ‘लेटेस्ट’ एकच असेल याची कसलीही हमी नसते.

कर्नल बदलल्यावर एक जुना छळ पुन्हा भेटतो. यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टर दोन असतील तर त्यांच्या शून्य आणि एक या क्रमांकांची रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकते आणि कॉम्प्रेसरचे आकडे एनर्जी मीटरच्या नावावर येऊ लागतात. चूक लगेच दिसत नाही, कारण आकडे येत तर असतात. कन्व्हर्टरना त्यांच्या सीरियल क्रमांकावरून कायमचं नाव देऊन टाका. स्वस्तातल्या कन्व्हर्टरांना सीरियल क्रमांकच नसतो, त्यांना यूएसबीच्या कुठल्या खाचेत आहेत त्यावरून.

यावरूनच ‘अपडेट यशस्वी’ म्हणजे काय ते ठरवावं. डॅशबोर्डवरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की प्रोग्राम चालू आहे. मशीनच्या स्क्रीनवरचा पार्ट काउंट आणि क्लाउडमधला पार्ट काउंट जुळतो का, जोडणी तुटलेल्या काळातले साठवलेले आकडे मागाहून पोहोचले का, मुद्दाम हद्द ओलांडायला लावल्यावर इशारा वाजतो का, हे तीन प्रश्न मेंटेनन्सच्या माणसाने जागेवर तपासावेत. सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःच्या कामाला स्वतः पास करू नये.

किती घाई करायची

प्रत्येक पॅच तातडीचा नसतो. त्रुटीचे गुण दहापैकी किती, याकडे बघून घाबरण्यापेक्षा दोन गोष्टी बघा: ती त्रुटी प्रत्यक्षात वापरली जात आहे का आणि तुमच्या डब्यापर्यंत बाहेरून पोहोचता येतं का. पहिल्यासाठी अमेरिकेच्या सिसा या संस्थेची, खरोखर गैरवापर झालेल्या त्रुटींची यादी नोव्हेंबर २०२१ पासून सर्वांसाठी खुली आहे. सर्ट-इनही सूचना काढतं. दुसरं तुमच्या हातात आहे. राउटरवर पोर्ट उघडून दुरून डब्यात शिरायची जी ‘तात्पुरती’ सोय कुणीतरी करून ठेवलेली असते, ती आजच बंद करा. डब्याने स्वतः बाहेर जाऊन, सुरक्षित जोडणीवरून अपडेट आणावं. बाहेरून आत यायला दारच असू नये. दोन्ही उत्तरं ‘हो’ असली तर टप्पे दिवसांवर आणा. एरवी महिन्याची ठरलेली तारीख पुरे.

उलट, नवं आलं की त्याच दिवशी घ्यायचं ही हौसही नको. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सच्या साध्याशा कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी फार चिकाटीने पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतोय असं वाटलं म्हणून तो हाती लागला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचलाच नव्हता. कारखान्यात स्थिर, दीर्घ मुदतीच्या आवृत्त्याच वापरा आणि त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या नियमित घ्या.

करारात काय लिहून घ्यायचं

गेटवे घेताना किंमत आणि सेन्सरची संख्या यांवर तासभर घासाघीस होते आणि अपडेटचा विषय ‘एएमसीमध्ये आहे’ या दोन शब्दांत संपतो. किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळतील ते तारखेने लिहून घ्या. अपडेटवर सही करायची गुप्त किल्ली कुठे ठेवली आहे ते विचारा. एखाद्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असेल तर तो लॅपटॉप हरवणं ही तुमची अडचण आहे. कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर डब्याचा पूर्ण ताबा तुम्हाला कसा मिळेल, हेही.

पुणे-कोल्हापूर पट्ट्यातले जे उद्योजक स्वतः यंत्रं बनवून युरोपला पाठवतात, त्यांच्यासाठी ही बाजू आता ऐच्छिक राहिलेली नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. उत्पादन त्याहून कमी काळ वापरात राहणारं नसेल, तर निदान ५ वर्षं सुरक्षेचा आधार द्यावा लागणार आहे. तुमच्या यंत्रात दुसऱ्याचा गेटवे बसवलेला असला, तरी युरोपच्या बाजारात यंत्र तुमच्या नावाने जातं आणि जबाबदारीही त्याच नावावर पडते. गेटवे पुरवणाऱ्याशी बोलणी आत्ताच करा.

आणि ज्या डब्याला आता कुठलंच अपडेट मिळत नाही, त्याला वेगळ्या नेटवर्कवर टाका, फक्त ठरलेल्या एका पत्त्याशी बोलू द्या आणि बदलण्यासाठी पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये रक्कम धरा. काढल्यावर तो तसाच भंगारवाल्याला देऊ नका. आधी क्लाउडमधून त्याचं सर्टिफिकेट रद्द करा, सिम काढून ते बंद करवा, स्टोरेज पुसा किंवा सरळ ड्रिल मारा आणि एक्सेलमधल्या त्याच्या ओळीत काढल्याची तारीख लिहा.